त्रिकोणांच्या हिशेबावर भरवसा

विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये दगडी धरणांवरून मोठा वाद झाला. धरणाची मजबुती तपासण्याची रूढ रीत अशी होती, की त्याचा छेद आडव्या रेषांनी कापायचा आणि प्रत्येक पातळीवर बांधकाम दाबाखालीच राहते ना, एवढे पाहायचे. दगड आणि चुना दाब सोसतात, ताण सोसत नाहीत. तेव्हा ताण कुठेच निघाला नाही की धरण सुरक्षित. १९०४ साली ॲचर्ली आणि कार्ल पिअर्सन यांनी विचारले, की हेच धरण उभ्या रेषांनी कापून पाहिले तर? त्यांच्या हिशेबाने तिथे ताण निघत होता. मग कोणी रबराच्या प्रतिकृती केल्या, कोणी जेलीच्या. लुई फ्राय रिचर्डसन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने आकडेमोडीचा रस्ता धरला. १९१० साली त्याने रॉयल सोसायटीपुढे जो निबंध मांडला त्यात नाईल नदीवरच्या अस्वान धरणाचे उदाहरण होते. धरणाच्या छेदावर चौकोनी जाळी आखायची, जाळीच्या प्रत्येक बिंदूवर एक आकडा मांडायचा आणि शेजारच्या आकड्यांवरून तो पुन्हा पुन्हा सुधारत जायचा, अशी त्याची रीत. हे कंटाळवाणे काम त्याने मुलांकडून करून घेतले आणि त्यांच्या मजुरीचा दरही निबंधात नोंदवून ठेवला: तीन अंकी आकडा असेल तर बिंदूमागे पेनीचे तीन अठरांश. सर्वांत चलाख मुलगा आठवड्याला सुमारे दोन हजार क्रिया उरकत असे. चुकलेल्या क्रियांचे पैसे अर्थात मिळत नसत. गणिती निबंधात मजुरीचा दर क्वचितच सापडतो. इथे तो आहे, कारण या सगळ्या प्रकरणातली खरी अडचण किती हात आणि किती वेळ हीच आहे, हे रिचर्डसनला नेमके कळले होते.

फायनाइट एलिमेंट मेथडचा इतिहास बहुधा मानाच्या पहिल्या पाटासाठी चाललेल्या भांडणासारखा सांगितला जातो. कोणी त्याचे श्रेय न्यूयॉर्कच्या गणितज्ञाला देतो, कोणी सिएटलच्या विमान कारखान्याला, कोणी लंडनमधल्या ग्रीक प्राध्यापकाला. मला हा प्रश्न दुय्यम वाटतो. एखादी वस्तू मनातल्या मनात तुकड्यांत कापून हिशेब करण्याची कल्पना अनेकांना अनेकदा सुचली. जे पुन्हा पुन्हा घडले नाही ते वेगळेच होते: त्या हिशेबातून आलेल्या उत्तरावर विसंबून धरणात पाणी भरण्याचे किंवा विमान हवेत सोडण्याचे धाडस. या पद्धतीचा खरा इतिहास अशा भरवशाचा आहे; तो कशाने बसला, कोणी बसवला आणि कुठे नको तितका बसला, याचा. पण त्यासाठी आधी पद्धत काय आहे ते सांगायला हवे.

स्प्रिंग ताणली की तिला लागणारा जोर हा तिचा ताठरपणा गुणिले तिची वाढलेली लांबी, एवढे शाळेत शिकवलेले असते. आता एका सपाट पत्र्याचा त्रिकोणी तुकडा घ्या. त्याला तीन कोपरे, आणि प्रत्येक कोपरा आडवा किंवा उभा सरकू शकतो; म्हणजे सहा सरकण्या आणि त्यांच्या जोडीला सहा बले. या दोहोंना जोडणारा छत्तीस आकड्यांचा तक्ता म्हणजे त्या त्रिकोणाचा ताठरपणा, इंजिनिअरांच्या भाषेत स्टिफनेस मॅट्रिक्स. अख्खा पत्रा अशा शेकडो त्रिकोणांत वाटला की जिथे अनेक त्रिकोणांचे कोपरे एकत्र येतात त्या बिंदूला नोड म्हणतात. प्रत्येक नोडवर सगळ्या त्रिकोणांची बले आणि बाहेरून आलेला भार यांचा मेळ बसला पाहिजे, ही एकच अट. ती प्रत्येक नोडसाठी लिहिली की एकसामयिक समीकरणांचा मोठा संच तयार होतो. टेकू जिथे आहेत तिथले नोड जागेवर खिळायचे, समीकरणे सोडवायची, नोड किती सरकले ते कळते. आणि त्यावरून प्रत्येक तुकड्याच्या पोटात दर चौरस सेंटिमीटरवर किती जोर आला आहे, म्हणजे स्ट्रेस, तो काढता येतो. यात एक सोयीची लबाडी आहे. त्रिकोणाच्या आत सरकणे सरळ रेषेने बदलते असे आपण गृहीत धरतो आणि त्यामुळे एका त्रिकोणात सगळीकडे स्ट्रेस सारखाच निघतो. खऱ्या पत्र्यात तसे नसते. त्रिकोण लहान करत गेलो की लबाडी कमी होत जाते, अशी आशा असते. पुढची सगळी कहाणी या आशेला आधार कुठून मिळाला याची आहे.

कालक्रमाने पाहिले तर १९४१ मध्ये व्हँकूव्हरच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या अलेक्झांडर ह्रेनिकॉफने पत्र्याच्या जागी दांड्यांची चौकट कल्पून हिशेब मांडला. दांड्यांची चौकट कशी सोडवायची हे पूल बांधणाऱ्यांना पिढ्यान् पिढ्या माहीत होते, त्यामुळे युक्ती नामी होती. पण चौकट ठरावीक नमुन्याचीच हवी, आणि तिच्या साध्या रूपात पदार्थाचा एक गुणधर्म, पॉयसनचे गुणोत्तर, एक तृतीयांशच धरावा लागे. खरा पदार्थ काहीही म्हणो. त्याच वर्षी रिचर्ड कूरांट यांनी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीपुढे एक व्याख्यान दिले. हिटलर सत्तेवर आल्यावर ग्योटिंगेन सोडावे लागलेले हे मोठे गणितज्ञ तेव्हा न्यूयॉर्क विद्यापीठात होते. व्याख्यान १९४३ मध्ये छापले गेले तेव्हा त्याला एक परिशिष्ट जोडलेले होते. पोकळ चौरस दांडा पिळला तर काय होते, हा प्रश्न त्यात चौरसाचे त्रिकोण पाडून, प्रत्येक त्रिकोणात सरळ रेषेने बदलणारे फलन धरून सोडवला होता. आजचा विद्यार्थी ते परिशिष्ट वाचेल तर त्याला आपलेच पाठ्यपुस्तक उघडल्यासारखे वाटेल. तरीही पुढची दहा-बारा वर्षे इंजिनिअरांच्या जगात त्याची फारशी हालचाल झाली नाही.

हालचाल झाली ती विमानाच्या पंखामुळे. जुन्या विमानांचे पंख लांब आणि अरुंद असत. त्यांना तुळई समजून हिशेब केला तरी भागत असे. जेट विमानांबरोबर मागे वळलेले आणि मग त्रिकोणी, डेल्टा आकाराचे पंख आले. असा पंख तुळईसारखा वाकत नाही; तो ताटासारखा सगळीकडून एकदम वाकतो आणि पिळतो. पंख किती लवचीक आहे हे अचूक कळले नाही, तर कोणत्या वेगाला तो फडफडून तुटेल हे सांगता येत नाही. बोइंग कंपनीच्या सिएटलमधल्या स्ट्रक्चरल डायनॅमिक्स विभागाचे प्रमुख जॉन टर्नर यांच्यापुढे नेमका हा प्रश्न होता. १९५२ च्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे बर्कलीहून रे क्लफ हे सिव्हिल इंजिनिअरिंगचे तरुण प्राध्यापक सुट्टीतल्या कामासाठी आले. त्यांनी आधी पंख म्हणजे तुळया आणि पिळाच्या पेट्या यांची जुळणी असे धरून पाहिले. कारखान्यात डेल्टा पंखाची प्रतिकृती होती, तिच्यावर वजने ठेवून घेतलेली मोजमापे होती, आणि क्लफ यांचे आकडे त्या मोजमापांशी जुळेनात. पुढच्या उन्हाळ्यात ते परत आले तेव्हा टर्नर यांनी सुचवले, की पंखाच्या पत्र्याला दांड्यांचे सोंग देऊ नका. पत्र्याचेच त्रिकोणी तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याचा ताठरपणा थेट काढा. या वेळी आकडे जुळले, आणि तुकडे बारीक केले तसे अधिक जुळत गेले. टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप या चौघांचा निबंध जानेवारी १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या सभेत वाचला गेला आणि सप्टेंबर १९५६ मध्ये छापला गेला.

इथे पहिला आक्षेप येतो. कूरांट यांच्या त्रिकोणात आणि टर्नर यांच्या त्रिकोणात गणिती फरक फार थोडा आहे. मग तेरा वर्षे आधी छापलेल्याला जनक का म्हणू नये? छापलेल्या तारखांचा न्याय लावला तर म्हणावेच लागेल. पण कूरांट यांच्यासाठी तो पिळलेला दांडा एक उदाहरण होते; सिद्धांताचे बळ दाखवायला घेतलेले, हाताने सोडवता येईल एवढ्या मोजक्या अज्ञातांचे. त्या उत्तरावर कोणाचे काही अवलंबून नव्हते. बोइंगमध्ये उत्तर चुकले तर पंख तुटणार होता, आणि म्हणून ते उत्तर ठेवून पाहायला शेजारच्या खोलीत खरी प्रतिकृती होती. पद्धत जन्मली ती त्रिकोणातून, पण वाढली या शेजारामुळे. शिवाय विमानशास्त्रातल्या लोकांना मॅट्रिक्सची सवय होती. फ्रेझर, डंकन आणि कॉलर या ब्रिटिश संशोधकांचे मॅट्रिक्सवरचे पुस्तक १९३८ पासून त्यांच्या हाताशी होते. त्याच काळातला पूल बांधणारा इंजिनिअर छत्तीस आकड्यांचा तक्ता पाहून दचकला असता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हे सगळे संगणकाचे कर्तृत्व, यंत्र आले म्हणून पद्धत आली, माणसांच्या विश्वासाची गोष्ट त्यात उगाच घुसडू नये. यंत्राशिवाय ही पद्धत कागदावरच राहिली असती, हे उघड आहे. रिचर्डसनची मुले अख्खे विमान सोडवू शकली नसती. पण सुरुवातीची यंत्रे किती तोकडी होती ते पाहिले, की ‘यंत्र आले म्हणून’ हे उत्तर पुरे पडत नाही. क्लफ बर्कलीला परतल्यावर त्यांना मिळालेला आयबीएम ७०१ संगणक एका वेळी जेमतेम चाळीस समीकरणे सोडवू शकत होता. चाळीस समीकरणांत वीस-बावीस नोडच मावतात. इतक्या ढोबळ जाळीवर मिळालेले स्ट्रेसचे आकडे पाहून कोणाचे डोळे दिपावेत असे काही नव्हतेच. १९६० मध्ये पिट्सबर्गच्या परिषदेत क्लफ यांनी आपला निबंध वाचला आणि त्याच्या शीर्षकात पद्धतीला आजचे नाव पहिल्यांदा दिले. नाव लगेच रूढ झाले, विश्वास मात्र लगेच बसला नाही. आणि त्याच यंत्रांवर त्याच काळात दुसऱ्या पद्धतीही धावत होत्या, विशेषतः रिचर्डसनच्या वंशातली फायनाइट डिफरन्सची पद्धत, जिला पन्नास वर्षांची प्रतिष्ठा होती. यंत्र दोघींनाही सारखेच उपलब्ध होते; निवड दुसऱ्या कारणांनी झाली.

लंडनच्या इंपीरियल कॉलेजातले जॉन आर्गिरिस इथे विसरून चालणार नाहीत. १९५४-५५ मध्ये ‘एअरक्राफ्ट इंजिनिअरिंग’ मासिकात त्यांची ऊर्जा-सिद्धांतांवरची लेखमाला आली. बले आणि सरकण्या या दोन्ही वाटांनी मॅट्रिक्सची मांडणी कशी करता येते हे त्यांनी इतक्या व्यापकपणे दाखवले, की युरोपात अनेकजण त्यांनाच मूळपुरुष मानतात. चीनमध्ये फंग कांग यांनी पश्चिमेशी संपर्क नसताना याच कल्पनेची आपली मांडणी १९६५ मध्ये प्रसिद्ध केली, आणि तिच्या मागे पीत नदीवरच्या लियुच्याशिया धरणाचा हिशेब होता. सिएटल, लंडन, बीजिंग: तीन ठिकाणी तीन वेगळ्या पिंडांची माणसे, आणि तिन्हीकडे जुन्या रीतीने न सुटणारा एखादा पंख किंवा धरण. पहिले कोण, या प्रश्नात मला रस का नाही हे यावरून लक्षात यावे.

विमान उद्योगाबाहेर पद्धतीची पहिली मोठी परीक्षा पुन्हा धरणावरच झाली. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात नॉरफोर्क नावाचे काँक्रीटचे धरण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधले गेले होते आणि त्याच्या छेदाच्या मध्याजवळ एक उभी भेग होती. असे भेगाळलेले धरण पाण्याच्या आणि तापमानाच्या भाराखाली कसे वागते? भेग नसलेल्या त्रिकोणी छेदाची सूत्रे पुस्तकांत होती. भेग असलेल्याचे सूत्र कुठेच नव्हते आणि असण्याची शक्यताही नव्हती, कारण भेग निसर्गाने पाडलेली, वाकडीतिकडी. फायनाइट डिफरन्सच्या चौकोनी जाळीला अशा कडा फार छळतात. त्रिकोणांना मात्र भेगेच्या काठाने बसवता येते, हव्या तिथे बारीक, नको तिथे मोठे. रॉय कार्लसन या सल्लागाराच्या शिफारशीवरून लष्करी इंजिनिअर दलाने हे काम बर्कलीला दिले. क्लफ आणि त्यांचे विद्यार्थी एडवर्ड विल्सन यांनी ते केले आणि १९६२ मध्ये लिस्बनच्या परिषदेत मांडले. या परिषदेनंतर धरणे, बोगदे, पाया अशा कामांतल्या लोकांचे लक्ष या पद्धतीकडे वळले. माझ्या मते निवडीचे खरे कारण हे: पद्धत जिंकली ती इतर पद्धतींहून सरस आकडे देऊन नव्हे, तर इतरांना जो प्रश्न नीट मांडताही येत नव्हता तो घेऊन. ओल्गिएर्ड झिएनकिविच यांचे मतपरिवर्तन पाहिले तरी हेच दिसते. ते साउथवेल यांच्या रिलॅक्सेशन पद्धतीत, म्हणजे रिचर्डसनच्या घराण्यातच, वाढलेले. त्यांची डॉक्टरेटही गुरुत्व धरणांवरची. क्लफ यांच्या पद्धतीकडे त्यांनी आधी संशयाने पाहिले आणि नंतर वेल्समधल्या स्वान्सी इथे तिचे सर्वांत मोठे पीठ उभारले. १९६७ मध्ये चेउंग यांच्या साथीने त्यांनी लिहिलेले पुस्तक हे या विषयाचे पहिले पाठ्यपुस्तक.

आता तिसरा आक्षेप, गणितज्ञांचा. विश्वास शेवटी सिद्धतेने बसतो, मोजमापांनी नव्हे. एका पंखाशी आकडे जुळले म्हणून दुसऱ्याशी जुळतील कशावरून? आक्षेप न्याय्य आहे, पण प्रत्यक्षात क्रम उलटा होता. १९६५ च्या सुमारास पातळ पत्र्याच्या वाकण्यासाठी जे त्रिकोणी तुकडे तयार झाले त्यांनी विचित्र वर्तन दाखवले. जाळी तीन समांतर रेषांच्या संचांनी आखली तर बारीक करत गेल्यावर उत्तर खऱ्याकडे जाई. तेच त्रिकोण दुसऱ्या तऱ्हेने मांडले तर उत्तर चुकीच्याच जागी जाऊन स्थिरावे. जाळी बारीक करण्यावर ज्यांची सगळी भिस्त होती त्यांच्यासाठी हे भयंकर होते, कारण स्थिरावलेले उत्तर बरोबर दिसते. तेव्हा डर्बीच्या रोल्स-रॉइसमध्ये असलेले ब्रूस आयर्न्स यांनी यावर एक कसोटी काढली. थोडेसे वाकडेतिकडे तुकडे घेऊन त्यांचे एक लहान ठिगळ बनवायचे. त्याच्या कडांना असे सरकवायचे की आत सगळीकडे स्ट्रेस एकसारखाच यायला हवा. आला तर तुकडा पास. जरा जरी डगमगला तर नापास, मग बाकी कितीही देखणा असो. या पॅच टेस्टला तेव्हा कसलीही कडक सिद्धता नव्हती. कोणत्याही कारखान्यात तासाभरात करता येईल अशी ती तपासणी होती, आणि इंजिनिअरांनी ती लगेच उचलली. सिद्धता देणारे गणितज्ञ मागून आले: चेकोस्लोव्हाकियातले मिलोश झ्लामल १९६८ मध्ये, मग बाबुश्का, आणि १९७३ मध्ये स्ट्रँग आणि फिक्स यांचे पुस्तक. नियम मोडूनही चालणाऱ्या अशा तुकड्यांच्या वापराला स्ट्रँग यांनी ‘गुन्हे’ असेच नाव दिले आणि मग कोणते गुन्हे निभावतात आणि का, याचे गणित मांडले. त्या गणिताने पद्धतीला खानदान दिले, यात वाद नाही. आणि ‘जाळी निम्मी केली तर चूक किती पट घटेल’ याचे नेमके उत्तर गणितज्ञांखेरीज कोणी दिले नसते. पण ते उत्तर गुळगुळीत, सभ्य आकारांसाठी लागू पडते. आत वळलेल्या कोपऱ्यापाशी, जिथे वस्तू प्रत्यक्षात तुटते, तिथेच ते सर्वांत जास्त हात आखडते.

सत्तरच्या दशकात सगळेच बदलले. नासाच्या प्रत्येक केंद्रात वेगवेगळा प्रोग्रॅम लिहिला जातो हे पाहून संस्थेने एकच मोठा प्रोग्रॅम करून घेतला. तो नॅस्ट्रान, आणि दशकाच्या आरंभी तो सर्वांना खुला झाला. वेस्टिंगहाउस सोडून जॉन स्वॉन्सन यांनी १९७० मध्ये स्वतःची कंपनी काढून अँसिस आणला. विल्सन यांचा सॅप बर्कलीहून जगभर गेला. जो हिशेब करायला आधी तो समजून घ्यावा लागे, तो आता नुसता चालवता येऊ लागला.

याच काळात पद्धतीची एक परीक्षा आपल्याकडे झाली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला, रिश्टर मापाने सहाच्या वर. पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली. १०३ मीटर उंचीचे कोयना धरण उभे राहिले, पण त्याच्या उंच भागांत दोन्ही अंगांना आडव्या भेगा पडल्या, आणि त्या पडल्या नेमक्या तिथे, जिथे धरणाच्या पाठीचा उतार एकदम बदलतो. धरणाचा आराखडा त्या वेळच्या सर्वमान्य रीतीने केलेला होता: भूकंपाचा आडवा धक्का म्हणजे वजनाच्या पाच टक्के, तो पायापासून माथ्यापर्यंत सारखाच, जणू धरण म्हणजे एक अखंड, न वाकणारा ठोकळा. प्रत्यक्षात धरणाच्या आतच बसवलेल्या यंत्राने जमिनीचा जो प्रवेग नोंदला तो गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ निम्मा होता, आणि त्यावर धरण वाकले, माथा पायापेक्षा कितीतरी जास्त हलला. क्लफ यांच्याबरोबर मातीच्या धरणांवर काम केलेले बर्कलीचे अनिल चोप्रा आणि पी. चक्रबर्ती यांनी कोयनेच्या छेदाचे फायनाइट एलिमेंट विश्लेषण केले, त्याला तीच प्रत्यक्ष नोंद दिली आणि १९७३ मध्ये निष्कर्ष छापला: काँक्रीटला न झेपणारा ताण उताराच्या त्या वळणापाशीच एकवटतो. जुन्या रीतीला तिथे ताणच दिसत नव्हता. नोंदलेला धक्का, हिशेब आणि भेगा या तिन्ही गोष्टी एकाच धरणाच्या बाबतीत हाती असणे फार दुर्मीळ. त्यामुळे नाते पुढे उलटले. काँक्रीट भेगाळण्याचा नवा प्रोग्रॅम कोणी लिहिला की तो कोयनेवर चालवून पाहतात. प्रसिद्ध प्रोग्रॅमच्या मार्गदर्शिकांतही कोयनेचा छेद नमुना म्हणून आहे. धरणाला मात्र या कीर्तीबरोबर मागच्या अंगाने काँक्रीटचे टेकूही घ्यावे लागले.

शेवटचा आक्षेप नॉर्वेतून येतो. २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टाव्हांगरजवळच्या गांड्सफ्योर्डमध्ये स्लाइप्नर-ए या तेलफलाटाचा काँक्रीटचा पाया बुडवून तपासण्याचे काम चालू होते. ८२ मीटर खोल समुद्रात उभा राहायचा हा पाया चोवीस गोल कोठ्यांचा बनलेला होता. पाणी भरता भरता एक कोठी फुटली, सगळा पाया खाली गेला आणि तळावर आदळताना भूकंपमापकांवर ३.० ची नोंद झाली. नुकसान सुमारे ७० कोटी डॉलरचे. जीवितहानी झाली नाही. आराखड्याचे विश्लेषण नॅस्ट्रानवर केलेले होते. तीन कोठ्या जिथे एकमेकींना टेकतात तिथे मध्ये एक त्रिकोणी पोकळी राहते. समुद्राचे पाणी त्या पोकळीत शिरून भिंतींना कोठ्यांच्या आत ढकलते. तिथली जाळी ढोबळ होती, तुकडे तिरपे पसरट झाले होते, आणि भिंतीला कातरणारे बल ४७ टक्क्यांनी कमी निघाले होते. त्या हिशेबाने घातलेल्या सळयाही तोकड्या पडल्या. मग एवढ्या चाळीस वर्षांत बसलेला भरवसा फोलच नव्हता का? घटनेनंतर बारीक जाळीने पुन्हा हिशेब केला तेव्हा भिंत ६२ मीटर खोलीला फुटेल असे उत्तर आले. ती फुटली ६५ मीटरला. पद्धत तीच. समीकरणे दोन्ही वेळा बरोबरच सोडवली गेली होती. फरक एवढाच, की सिएटलमध्ये आकड्यांच्या शेजारी मोजमापे घेतलेला पंख होता, आयर्न्स यांनी तुकड्याला नापास करण्याची सोय ठेवली होती, आणि इथे ज्या कोपऱ्यात भिंत तुटणार होती त्याच कोपऱ्याचा आकडा कोणी दुसऱ्या वाटेने ताडून पाहिला नव्हता. साध्या हाताच्या हिशेबानेही शंका आली असती.

बुडालेल्या पायाच्या जागी नवा पाया ठरल्या मुदतीत हवा होता, कारण वायुपुरवठ्याचे करार झालेले होते. संगणकाच्या जुन्या निकालांवर विसंबायची सोय राहिली नव्हती आणि नवे निकाल यायला अवकाश होता. म्हणून बांधणाऱ्या कंपनीने वीस वर्षांपूर्वीच्या पहिल्या फलाटांसाठी वापरलेली, स्लाइड रूलच्या जमान्यातली रीत बाहेर काढली आणि आराखडा हाताने केला. नव्या विश्लेषणाचे आकडे हाती आले तेव्हा सगळा आराखडा पुरा झालेला होता आणि बहुतेक पाया बांधून झाला होता. २९ एप्रिल १९९३ रोजी त्यावर फलाटाचा डेक चढवण्यात आला.